मधमाशीसारखी दिसणारी सिरफिड माशी: अंड्यापासून उडेपर्यंत तिचा माग कसा काढायचा

फुलांवर घोंगावणाऱ्या ज्या कीटकांना आपण सरसकट मधमाश्या म्हणतो, त्यांतल्या बऱ्याच जणी मधमाश्या नसतातच. त्या सिरफिड माश्या असतात. डंख नाही, विष नाही, पोळं नाही, मधाचा साठाही नाही. तरी अंगावरचे पट्टे, लव आणि एकूण वावर असा की पक्षीसुद्धा चोच आवरती घेतो. या कुळातल्या सुमारे ६,००० जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत आणि अंटार्क्टिका सोडला तर प्रत्येक खंडावर त्या आहेत.

‘माशी आहे की मधमाशी’ हे कळलं की बहुतेकांचा शोध तिथेच संपतो. माझ्या मते ती अर्धीच ओळख. फुलावर दिसते ती माशीची शेवटची अवस्था. त्याआधी ती अळी असते, आणि अळीला काय खायला मिळालं, कुठे मिळालं, यावर माशी कुठे दिसणार आणि किती दिसणार हे ठरतं. एका जातीची अळी झाडांचा रस शोषणाऱ्या बारीक माव्याच्या वसाहतीत वाढते, दुसरीची कुजक्या पाण्यात, तिसरीची फुलझाडाच्या कांद्यात. म्हणून इथे फुलापासून सुरुवात करून अळीपर्यंत जायचं आहे आणि जमल्यास एक अख्खी पिढी डोळ्यांसमोर वाढताना बघायची आहे. त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग, फोटो काढायला मोबाइल, चित्रकलेचा एक मऊ ब्रश, दोन-तीन पारदर्शक डबे आणि वही एवढं पुरतं. कीटक पकडायच्या जाळीची गरज नाही.

आधी फुलावर ओळख

वेळ निवडताना वारा पडलेला असावा आणि ऊन अंगावर येऊन तास-दोन तास झालेले असावेत. सकाळी या माश्या पानांवर उन्हात बसून अंग तापवतात. तेव्हा त्या सुस्त असतात आणि जवळ जाऊ देतात. भर दुपारी त्याच माश्या हात लांब असतानाच उडून जातात. गाजर, बडीशेप, कोथिंबीर यांसारखी छत्रीच्या आकाराची बारीक फुलं किंवा सूर्यफुलाच्या जातीतली चपटी, उघडी फुलं गाठा. बहुतेक सिरफिड माश्यांची सोंड आखूड असते, खोल नळीच्या फुलातला मध त्यांना मिळत नाही. त्यामुळे अशा उघड्या फुलांवरच गर्दी होते.

आता ओळखायचं कसं? ‘पंख मोजा, माशीला दोन आणि मधमाशीला चार’ हा नेहमीचा सल्ला खरा आहे, पण जिवंत कीटकावर फारसा चालत नाही. मधमाशीचा मागचा पंख बारीक आकड्यांनी पुढच्या पंखाला अडकलेला असतो, त्यामुळे उडताना आणि बसतानाही एका बाजूला एकच पंख आहे असं वाटतं. पंखांच्या मागे लागू नका, चेहरा बघा.

सगळ्यात आधी मिशा. मधमाशीच्या मिशा लांब, कोपरात वाकल्यासारख्या आणि सतत हलणाऱ्या. सिरफिड माशीच्या मिशा इतक्या आखूड की नुसत्या डोळ्यांना कपाळावर दोन बारीक गाठी आहेत असं वाटतं. भिंगातून पाहिलं तर त्या गाठीतून एक केस बाहेर आलेला दिसतो. काही जातींत मिशा लांब असतात, पण मधमाशीचं सोंग घेणाऱ्या जातींत ही खूण बहुधा एकटीच पुरते. फोटो काढताना समोरून एक तरी काढा, कारण वरून काढलेल्या फोटोत मिशाच दिसत नाहीत.

मग डोळे. माशीचे डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात, मधमाशीचे डोक्याच्या दोन बाजूंना लांबट उभे असतात. एरिस्टॅलिनस गटातल्या माश्यांच्या डोळ्यांवर ठिपके किंवा उभे पट्टे असतात आणि ते एकदा पाहिले की विसरत नाहीत. डोळ्यांवरून बहुतेक जातींत नर-मादीही सांगता येते: नराचे डोळे डोक्याच्या माथ्यावर एकमेकांना टेकतात, मादीच्या दोन डोळ्यांत फट असते. हेलोफिलससारखे काही गट याला अपवाद आहेत, त्यांत नराचेही डोळे सुटे असतात.

कमरेकडे आणि मागच्या पायांकडेही नजर टाका. मधमाशीची कंबर बारीक असते, माशीची छाती आणि पोट जवळपास एका रुंदीचं. कामकरी मधमाशीच्या मागच्या पायावर परागाचा गोळा चिकटलेला असतो. माशीच्या अंगावर पराग विखुरलेला दिसेल, गोळा कधीच दिसणार नाही, कारण तिला तो कोणाकडे न्यायचाच नसतो. तो ती स्वतः खाते. बसल्यावर पायांनी डोकं आणि अंग झाडून परागकण तोंडाकडे आणते. हे काम मिनिटभर शांतपणे बघण्यासारखं आहे. विशेषतः मादीला अंडी पिकवण्यासाठी परागातली प्रथिनं लागतात, त्यामुळे पुंकेसर चाटत बसलेली माशी दिसली तर ती मादी असण्याचा संभव जास्त.

माशी सिरफिडच आहे याची खात्री पंखावर होते. पंखाच्या मधोमध एक खोटी शीर असते. ती नुसती घडी पडल्यासारखी दिसते, दुसऱ्या कुठल्याही शिरेला नीट जोडलेली नसते. शिवाय पंखाच्या मागच्या कडेला समांतर जाणाऱ्या शिरांमुळे कडेच्या आत दुसरी कड आहे असं वाटतं. माशी बसलेली असताना जवळून काढलेला फोटो मोठा करून पाहिला तर दोन्ही खुणा सापडतात.

सोंग कोणाचं आणि कशासाठी

मधमाशीची सर्वांत हुबेहूब नक्कल एरिस्टॅलिस टेनॅक्स या जातीची. साधारण दीड सेंटिमीटर लांब, छातीवर पिंगट लव, पोटावर काळं-नारिंगी, डोळ्यांवर काळसर केसांचे उभे पट्टे आणि जाडसर मागचे पाय. मूळची युरोप-आशियाकडची ही माशी आज जवळपास सगळ्या जगात आहे. नर मधमाशीशी तिचं साम्य इतकं की इंग्रजीत तिला त्याच अर्थाचं नाव पडलं आहे. व्होल्युसेला बॉम्बिलान्स आणि मेरोडॉन एक्वेस्ट्रिस या केसाळ जाती बम्बलबीची, म्हणजे मधमाशीच्याच कुळातल्या जाड, लवदार माशीची, नक्कल करतात. दोन्हींत एकाच जातीत वेगवेगळ्या रंगांच्या माश्या असतात आणि त्यांतले काही रंग वेगवेगळ्या बम्बलबींशी जुळतात.

बिनविषारी जिवाने विषारी जिवासारखं दिसून वाचणं, ही कल्पना हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२ मध्ये ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून मांडली. म्हणून अशा नकलेला बेट्सचं नाव आहे. पक्ष्याला एकदा डंख बसला की तो तशा रंगाच्या सगळ्यांनाच टाळतो आणि त्या भीतीचा फायदा माशीला मिळतो. पण सगळ्याच सिरफिड माश्यांची नक्कल चांगली नसते. कित्येक बारीक जातींवर नुसते पिवळे-काळे पट्टे आहेत, माणसाला क्षणात फरक कळतो. २०१२ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आकाराने मोठ्या जातींची नक्कल अधिक नेटकी असल्याचं दिसलं. कारण सरळ आहे: मोठी माशी पक्ष्याला खाण्याजोगी वाटते, बारीक माशीमागे तो फारसा लागत नाही. त्यामुळे नक्कल सुधारत नेण्याचा दबाव मोठ्या माशीवर जास्त पडतो.

तुम्ही स्वतः तपासू शकाल अशी गोष्ट म्हणजे वागणुकीतली नक्कल. एरिस्टॅलिस एका फुलावर किती वेळ बसते आणि दुसऱ्या फुलाकडे जायला किती वेळ घेते, हे दोन्ही मधमाशीच्या जवळपास जातं, असं संशोधकांनी मोजून पाहिलं आहे. एकच फुलझाड घ्या. मोबाइलच्या घड्याळावर आधी मधमाशीच्या भेटी मोजा, मग एरिस्टॅलिसच्या, मग घरात येते तसल्या एखाद्या साध्या माशीच्या. आकडे वहीत शेजारीशेजारी लिहा. पकडलेली एरिस्टॅलिस पोट वाकवून डंख मारल्याचा आवही आणते आणि जोरात गुणगुणते. ती चावत नाही, तिला डंखही नाही, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. गांधीलमाशीचं सोंग घेणाऱ्या स्पायलोमाया गटातल्या माश्या आणखी पुढे जातात. आपल्या मिशा आखूड आहेत ही उणीव झाकायला त्या काळे पुढचे पाय डोक्यासमोर धरून हलवतात, म्हणजे बघणाऱ्याला लांब मिशाच वाटाव्यात.

रंगाबद्दल एक सूचना. एरिस्टॅलिसच्या पोटावरचा नारिंगी भाग एकसारखा नसतो. कोष थंडीत वाढला असेल तर माशी गडद होते, उबेत वाढला असेल तर नारिंगी भाग मोठा होतो. म्हणून फक्त रंगावरून जात ठरवू नका.

हवेत थांबणारा नर

झाडाखालच्या उजेडाच्या कवडशात किंवा पायवाटेवर डोक्याच्या उंचीला एक माशी हवेत एका जागी खिळल्यासारखी दिसेल. पंख सेकंदाला शंभराहून जास्त वेळा हलत असतात, म्हणून फक्त धूसर सावली दिसते, शरीर मात्र स्थिर असतं. तो बहुतेक वेळा नर असतो, आपली जागा राखत असलेला. दुसरा कीटक त्या हद्दीत आला की तो झेपावतो आणि काही क्षणांत जवळजवळ त्याच बिंदूवर परत येतो. जवळ एक बारीक खडा हवेत टाकला तर त्याच्याही मागे कधी कधी धावतो. असा नर सापडला की हलू नका. पाचेक मिनिटं त्याच जागी नजर ठेवली की त्याची हद्द कुठून कुठवर आहे हे कळायला लागतं.

इतकं नेमकं उडणं जमतं ते पंखांच्या मागच्या संतोलकांमुळे. मागच्या पंखांच्या जागी उरलेले हे दोन बारीक दांडे पंखांच्या तालात हलतात आणि शरीर कुठे वळतंय, कलतंय ही माहिती माशीला क्षणोक्षणी देतात.

माव्यातली अळी शोधणं

इथून खरं काम सुरू होतं. अळी खाऊन-पिऊन वाढते तिथे मादी अंडी घालते, म्हणून अंडी शोधायची तर मादीच्या मागे जा. माव्याने भरलेल्या फांदीजवळ एखादी सिरफिड मादी हळूहळू, फुलाकडे न बघता, पानांच्या खालून-वरून घिरट्या घालत असेल तर ती जागा बघून ठेवा. थोड्या वेळाने ती पोटाचं टोक पानाला टेकवेल. तिथे माव्याच्या आसपास, सुटं एकच, मिलिमीटरभर लांब, पांढरं, तांदळासारखं अंडं आडवं चिकटलेलं असेल. भिंगात त्यावर बारीक नक्षी दिसते. अंडं देठावर उभं असेल तर ते सिरफिडचं नाही, क्रायसोपा या दुसऱ्या कीटकाचं आहे. तोही मावा खाणाराच, त्यामुळे राहू द्या.

दोन-तीन दिवसांत अळी बाहेर येते. तिला पाय नाहीत, डोळे नाहीत, डोक्याची वेगळी टोपी नाही. पुढचं टोक निमुळतं, मागचं बोथट. अंग इतकं पारदर्शक की आतली चरबी आणि आतड्याची गडद रेघ बाहेरून दिसते. रंग हिरवट, पिवळट किंवा तपकिरी. पाने खाणाऱ्या अळीला पाय आणि टणक डोकं असतं, हा फरक लक्षात ठेवा. अनेक बागांत हीच अळी ‘कीड’ समजून चिरडली जाते किंवा तिच्यावर औषध मारलं जातं, आणि मावा खाणारा सगळ्यात खादाड सोबती असा आपल्याच हातून जातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण भिंगातून एकदा बघायला अर्धं मिनिट लागतं.

ती खाते कशी ते बघायचं तर संध्याकाळी किंवा रात्री टॉर्च घेऊन जा, कारण बऱ्याच जाती अंधारातच कामाला लागतात. अळी पुढचं टोक डावी-उजवीकडे फिरवत चाचपडते. मावा लागला की त्याला तोंडाच्या आकड्यांनी पकडून पानावरून उचलते, हवेत अधांतरी धरते आणि आतला रस शोषून घेते. मावा पाय हलवत राहतो, पण पकड घ्यायला पानच हाताशी नसतं. मग रिकामी सालं बाजूला टाकून ती पुढच्याकडे वळते. अशी सुरकुतलेली सालं आणि मधेमधे पानावर मोकळी जागा दिसली, तर अळी नजरेला न पडताही ती तिथे आहे हे समजा. एपिसिर्फस बाल्टिएटससारख्या जातीची एक अळी कोषात जाईपर्यंत शेकडो मावा संपवते.

घरात वाढवायची तर अळी असलेली माव्याची फांदी कापून तिचा देठ ओल्या कापसात गुंडाळा आणि डब्यात ठेवा. डब्याच्या तोंडावर झाकणाऐवजी पातळ कापड बांधा, म्हणजे वाफ साठणार नाही. आत पाण्याचे थेंब साचले तर बारीक अळ्या त्यात बुडतात. एका डब्यात एकच अळी. उपाशी राहिल्या तर त्या एकमेकींनाही खातात. रोज ताजी माव्याची फांदी आत ठेवा आणि जुनी काढताना अळी तिच्यावर नाही ना ते बघा. अळीला चिमटीत धरू नका, ब्रशने उचला. माव्यासोबत मुंग्या आत जाणार नाहीत याची काळजी घ्या. माव्याचा गोड स्राव मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या माव्याची राखण करतात आणि सिरफिडच्या अळीला हुसकावून लावतात. बागेतही एखाद्या फांदीवर मावा खूप आणि सिरफिडची अळी एकही नाही असं दिसलं, तर खोडावरून जाणारी मुंग्यांची रांग शोधा.

अळीची तीन वयं असतात, दोन वेळा कात टाकते. उबदार हवेत एक ते दोन आठवड्यांत ती पूर्ण वाढते. पूर्ण वाढल्याची खूण ठळक आहे: इतके दिवस आतड्यात साठवलेली विष्ठा ती एकदम बाहेर टाकते आणि पानावर काळा, डांबरासारखा चिकट डाग पडतो. डाग दिसला की खायला देणं थांबवा, ती आता जागा धरून कोषात जाणार आहे.

कुजक्या पाण्यातली उंदीरशेपटी

एरिस्टॅलिसची अळी यापेक्षा अगदी निराळी. साचलेलं, कुजलेल्या पाला-पाचोळ्याचं किंवा शेणाचं काळपट पाणी हे तिचं घर. अशा पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून ती हवा थेट वरून घेते. मागच्या टोकाला श्वासाची एक लांब नळी असते, एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांची, घडीच्या छत्रीच्या दांड्यासारखी. अळीचं अंग दोनेक सेंटिमीटरचं, पण ताणलेली नळी दहा सेंटिमीटरच्याही पुढे जाते. अळी तळाशी गाळ चिवडत बॅक्टेरिया आणि सडके कण गाळून खाते आणि नळीचं टोक पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवते. पाणी थोडं वाढवलं की नळी लांब होते, कमी केलं की आखडते. पारदर्शक बरणीत हे डोळ्यांनी दिसतं, मुलांना दाखवण्यासारखं आहे.

या अळीमागे एक जुना गैरसमजही आहे. मेलेल्या बैलाच्या सडक्या अंगातून मधमाश्या जन्मतात असं प्राचीन भूमध्य प्रदेशात मानलं जाई. कीटकतज्ज्ञ कार्ल रॉबर्ट ऑस्टेन-साकेन यांनी १८९४ मध्ये त्याचा उलगडा केला: त्या ‘मधमाश्या’ म्हणजे सडक्या द्रवात वाढून बाहेर पडलेल्या एरिस्टॅलिस. सोंग इतकं बेमालूम की पक्ष्यांबरोबर माणसांची पिढ्यानपिढ्या फसगत झाली.

ही अळी आपल्याकडे यावी म्हणून एक जुनी बादली पुरते. तळापासून निम्म्यापर्यंत कापलेलं गवत आणि पानं दाबून भरा, मूठभर जुनं शेणखत असेल तर तेही घाला, वर पाणी सोडा. पाण्यातून तिरक्या बाहेर येणाऱ्या तीन-चार जाड काड्या ठेवा. बादलीभोवती वाळक्या पानांचा वीतभर जाड थर पसरा. सावलीत, पण फुलांपासून फार लांब नाही अशा जागी ठेवा. वास येऊ लागला की माद्या येतील. त्या पाण्याच्या जरा वर, ओलसर कडेला किंवा काडीवर पांढरी लांबट अंडी एकमेकांना खेटून पुंजक्याने घालतात.

डासांचा विचार मात्र आधीच करा. साचलेल्या पाण्यात डासही अंडी घालणार, आणि डासांमुळे आजार पसरतात अशा ठिकाणी बादली उघडी सोडणं चुकीचंच आहे. अंड्यांचा पुंजका दिसला की बादलीच्या तोंडावर बारीक जाळीचं कापड घट्ट बांधा. तो चार-पाच दिवसांत दिसला नाही, तर पाणी कोरड्या मातीत ओतून टाका आणि नंतर पुन्हा भरा. कारण उबेत डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दीड आठवडाच लागतो. कापडाखाली डास झालेच तर ते आतच मरतील. डासाच्या आणि एरिस्टॅलिसच्या अळीत गोंधळ होत नाही: डासाची अळी पृष्ठभागाला उलटी लटकते आणि चाहूल लागताच झटके देत खाली जाते, एरिस्टॅलिसची अळी तळाशी सावकाश सरपटते आणि तिची पांढरी शेपटी वर आलेली असते. हा सगळा प्रयोग पिण्याच्या पाण्यापासून दूर करा, पाण्यात हात घालाल तर साबणाने धुवा. दूषित पाण्यावाटे या अळ्या माणसाच्या पोटात गेल्याच्या नोंदी आहेत, क्वचित असल्या तरी.

उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत अळी पूर्ण वाढते, थंडीत बराच जास्त वेळ घेते. मग ती पाणी सोडून कोरड्याकडे निघते. काड्या आणि वाळकी पानं त्यासाठीच. कापड बांधलेलं असेल तर या दिवसांत आतल्या बाजूला काड्यांच्या टोकाशी कोरड्या पानांचा गठ्ठा ठेवा, नाहीतर अळ्यांना कोषात जायला जागा मिळत नाही आणि त्या पाण्यात परत पडत राहतात.

सगळ्याच जाती या दोन गटांत बसत नाहीत. मेरोडॉनची अळी नार्सिससच्या कांद्यात शिरून तो आतून पोखरते, त्यामुळे कांदे लावणाऱ्यांची ती नावडती. व्होल्युसेला बॉम्बिलान्सची मादी थेट बम्बलबीच्या घरट्यात अंडी घालते आणि तिची अळी तिथला कचरा व मेलेल्या अळ्या खाऊन वाढते.

कोष, आणि कोषातून कोण बाहेर आलं

सिरफिडची अळी रेशीम विणत नाही. तिची शेवटची कातडीच आखडून टणक होते आणि आत कोष तयार होतो. माव्यातल्या अळीचा कोष पानाला चिकटलेल्या थेंबाच्या आकाराचा. एरिस्टॅलिसच्या कोषाला मागे ती शेपटी वाळून राहिलेली असते आणि पुढे श्वासाची दोन छोटी शिंगं फुटतात. उबेत दहाएक दिवस धरा, थंडीत जास्त. या काळात डबा हलवू नका, पण कोष अगदी कोरडा पडणार नाही एवढी ओल राहू द्या.

बाहेर येण्याआधी कोष गडद होतो, कवचातून डोळ्यांचा आणि पट्ट्यांचा रंग जाणवू लागतो. पहाटे किंवा सकाळी पुढच्या टोकाचं गोल झाकण सुटतं आणि माशी बाहेर येते. ती तेव्हा करडी, फिकट, पंख चुरगळलेले. पंख उलगडायला काही मिनिटं लागतात, पट्ट्यांचा रंग भरायला मात्र काही तास. म्हणजे काही काळ ती मधमाशीसारखी दिसतच नाही, आणि त्या वेळात ती आडोशाला गप्प बसून राहते. तिला हात लावू नका. रंग भरला की डब्यावरचं कापड काढून डबा फुलांजवळ ठेवा, स्वतःहून जाईल.

रिकामं कवच फेकू नका, त्यावर बरंच वाचता येतं. पुढचं झाकण नीट गोल सुटलेलं असेल तर माशी बाहेर पडली. त्याऐवजी कुरतडलेलं, ओबडधोबड कडांचं भोक असेल तर आतून माशी नाही, परजीवी गांधील बाहेर आली. डिप्लाझॉन लेटाटोरियस ही त्यांतली सर्वदूर पसरलेली जात. ती सिरफिडच्या अंड्यात किंवा कोवळ्या अळीत आपलं अंडं सोडते. सिरफिडची अळी नेहमीसारखी खाते, वाढते, कोषात जाते आणि मग आतून संपते. तुमच्या डब्यात असं घडलं तर निराश होऊ नका, तीही नोंद तितकीच मोलाची.

वर्षभराचा हिशोब

उबेच्या दिवसांत माव्यावरच्या जातींची एक पिढी तीन-चार आठवड्यांत पुरी होऊ शकते, म्हणून वर्षात अनेक पिढ्या होतात. थंड प्रदेशात एरिस्टॅलिस टेनॅक्सचे नर हिवाळ्याआधी मरतात. मिलन झालेल्या माद्या शरीरात चरबी साठवून गुहांत, भिंतींच्या फटींत, सालींखाली हिवाळा काढतात आणि पहिल्या ऊबदार दिवशी फुलांवर दिसतात. काही जाती मात्र थांबत नाहीत, निघून जातात. दक्षिण ब्रिटनवरून जाणाऱ्या कीटकांवर रडारने केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एपिसिर्फस बाल्टिएटस आणि युपिओडेस कोरोली या दोन जातींच्या माश्या तिथे दरवर्षी ४०० कोटींपर्यंत ये-जा करतात असा त्याचा अंदाज आहे. जाताना त्या पराग वाहून नेतात आणि पोहोचल्यावर त्यांच्या अळ्या मावा खातात.

बागेत त्यांचा मुक्काम टिकवायचा असेल तर फुलं सलग हवीत. एक बहर संपण्याआधी दुसरा सुरू व्हायला हवा. कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांतली दोन-चार झाडं फुलाला सोडून द्या. कॅलिफोर्नियातल्या सेंद्रिय सॅलडच्या शेतांत पिकाच्या मधेमधे ॲलिसमची फुलं लावतात ती याच माश्यांसाठी, त्यांच्या अळ्यांनी मावा आटोक्यात ठेवावा म्हणून. मावा दिसताच सगळा धुऊन काढू नका. कमी महत्त्वाच्या एखाद्या झाडावर तो थोडा राहू द्या, नाहीतर मादी अंडी घालायला थांबणारच नाही. औषध मारावंच लागलं तर आधी पानं उलटून अळ्या आणि अंडी बघा, आणि फक्त लागलेल्या फांदीपुरतं मारा. पिवळे चिकट सापळे लावत असाल तर त्यावरही नजर ठेवा. पिवळा रंग सिरफिडला जात्याच खेचतो, आणि मावा-पांढऱ्या माशीबरोबर या माश्याही त्यावर चिकटून मरतात. सापळ्यावर त्या वारंवार दिसल्या तर तो फुलांपासून लांब हलवा किंवा काढूनच टाका.

वहीत प्रत्येक डब्यासाठी एक पान ठेवा: अंडं किंवा अळी कुठल्या झाडावर मिळाली, कशावर वाढली, काळा डाग कधी पडला, कोष कधी झाला, झाकण गोल सुटलं की भोक पडलं. माशी बाहेर आली की समोरून, वरून आणि पंखाचा असे तीन फोटो काढून त्याच पानाला जोडा. फुलावर नुसत्या फोटोवरून ठरत नसलेली जात बऱ्याचदा अशा पानावरून ठरते, कारण अळी कशावर वाढली हे तिथे लिहिलेलं असतं.